सुकरीची आई बुधवारी आली होती

या वेळचं पत्र मेलबर्नहून आलं आहे. लांब होतं, थोडी काटछाट करून देते.

प्रिय ताई, स. न. वि. वि.

मी सदुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली नऊ वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. सध्या मुलीकडे मेलबर्नला आले आहे, परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे. नात पाचवीत आहे. मे महिन्याच्या शेवटी तिच्या शाळेत ‘सॉरी डे’ झाला. घरी येऊन सांगायला लागली, की इथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, मुलांना पूर्वी सरकार उचलून न्यायचं, आईबापांना भेटू द्यायचं नाही, घरची भाषा बोलू द्यायचं नाही. मला वाचायचा नाद. लायब्ररीतून दोन-तीन पुस्तकं आणली, त्या मुलांनी मोठेपणी सांगितलेल्या खऱ्या हकिकतींची. इंग्रजी सावकाश वाचते, त्यामुळे एकेक वाक्य चांगलंच लागतं.

आता झोप येत नाही. मुलगी म्हणते, “आई, कशाला वाचतेस हे? बीपी वाढवून घेशील. आणि हा आपला विषय नाही, आपण इथे बाहेरून आलेले.” जावई काही बोलत नाहीत, पण एक पुस्तक त्यांनी गुपचूप परत करून टाकलं.

खरं कारण मुलीला सांगितलेलं नाही. त्या पुस्तकांत मुली ‘होम’मध्ये आल्या की केस कापतात, नाव बदलतात, आपसात घरची भाषा बोलल्या तर शिक्षा करतात. तिथे मी अडकले. केस मीही कापत होते, उवांमुळे. वारली बोललं की मीही उभं करत होते, शाळेची मराठी लवकर यावी म्हणून. सुकरी नावाची एक मुलगी होती. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकरी. पुढे लोक ‘सूकर’ म्हणून चिडवतील असं वाटून मी रजिस्टरात ‘सुरेखा’ लिहिलं, जन्मतारीख १ जून. पहिलीतली पोर. एका बुधवारी तिची आई चालत आली, फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकट बांधून. भेटीचा वार रविवार. मी फाटकातूनच परत पाठवलं. म्हटलं, आत्ता भेटलात तर पोर आठवडाभर रडेल. पुरचुंडी शिपायाने ठेवून घेतली. ती सुकरीपर्यंत पोचली की नाही, मी विचारलं नाही.

परवा नातीने जेवताना विचारलं, “आजी, तुझ्या शाळेतली मुलंपण आईकडे राहत नव्हती ना?” मी म्हटलं, “आमचं वेगळं होतं.” म्हटलं खरं, पण घास उतरेना.

वाचणं बंद करू का? नातीला काय सांगू? आणि मीही तेच केलं का?

— एक निवृत्त बाई

बाई,

नाव लिहिलं नाहीत ते बरं झालं. तुमच्या मुलींनी जी हाक मारली तीच मलाही मारता येईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. वाचणं बंद करू नका, रात्रीचं वाचू मात्र नका. मी बत्तीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली आहे, वाचणाऱ्यांच्या सवयी जवळून पाहिल्या आहेत. झोपताना दुःखाचं पुस्तक घेणारा माणूस त्यात बुडतो आणि सकाळी त्याला फक्त आपलं रडणं आठवतं, पुस्तक आठवत नाही. तुम्ही सकाळी, चहा झाल्यावर, एक हकिकत वाचा. एकच. वाचून झाली की त्या बाईचं किंवा बाप्याचं गाव नकाशात शोधा. किती वर्षांची असताना नेलं, कुठे नेलं, परत कधी भेट झाली, एवढं वहीत लिहा. तुम्ही जन्मभर हजेरी घेतलीत, हे तुम्हाला जमेल.

आणखी एक सांगते, ग्रंथालयातलंच. दलितांची, भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं आमच्याकडून खूप जायची. परत करताना ठरावीक वाचक ठरावीक प्रश्न विचारायचे: “आता बरं चाललंय ना हो त्यांचं?” सुरुवातीला मला ती माया वाटायची. पुढे कळलं, की त्यांना सुटका हवी असायची. लेखकाने शेवटच्या पानावर ‘आता सगळं ठीक आहे’ असं लिहून द्यावं आणि वाचकाने पुस्तक मिटावं. तुम्ही तसं विचारलं नाहीत. तुम्ही वाचता वाचता फाटकापर्यंत जाऊन उभ्या राहिलात. म्हणून हे उत्तर जरा लांबवते आहे.

तुमच्या हातात जी पुस्तकं आहेत त्यांच्यामागे एक मोठी चौकशी आहे, ती माहीत असली तर वाचायला मदत होईल. १९९५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ती सुरू केली. आयोगाचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश सर रोनाल्ड विल्सन आणि ॲबोरिजिनल समाजातले कायदेपंडित मिक डॉडसन यांनी देशभर फिरून लोकांचं ऐकून घेतलं. स्वतःची किंवा घरातली हकिकत सांगणारे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक होते ५३५. १९९७च्या २६ मे रोजी अहवाल संसदेत ठेवला गेला. तुमच्या नातीचा ‘सॉरी डे’ त्याच तारखेचा. अहवालाचा अंदाज असा, की १९१० ते १९७० या काळात दर दहा ॲबोरिजिनल मुलांमागे किमान एक आणि जास्तीत जास्त दर तिनांमागे एक घरातून नेलं गेलं. नेमका आकडा नाही, कारण नेणाऱ्यांनी नोंदी नीट ठेवल्या नाहीत, ठेवल्या त्या साऱ्या टिकल्या नाहीत.

त्या अहवालातल्या बहुतेक साक्षींखाली नाव नाही. ‘गोपनीय साक्ष’ आणि पुढे एक क्रमांक, एवढंच. मला पहिल्यांदा ते टोचलं होतं. न्यू साउथ वेल्समध्ये केम्पसीजवळ किंचेला नावाचं मुलग्यांचं होम होतं, १९२४पासून १९७०पर्यंत. तिथे मुलांना नावाने हाक मारत नसत, आकड्याने मारत. म्हातारपणी तोंड उघडलं तर पुन्हा आकडाच? मग लक्षात आलं, की हा आकडा त्यांनी आडोसा म्हणून घेतला आहे. किंचेलातला आकडा त्यांच्यावर शिक्का म्हणून मारलेला होता.

आता तुमच्या मनातल्या काट्याकडे येते. तुम्हाला सगळ्यात जास्त काय टोचलं हे पत्रात दिसतं: ती माणसंही ‘भल्यासाठी’च करत होती. खरं आहे. तिथल्या कायद्यांचा आवडता शब्दच ‘संरक्षण’ होता. न्यू साउथ वेल्सच्या मंडळाचं नाव ‘ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्ड’. १९१५च्या दुरुस्तीनंतर त्याला मूल उचलायला न्यायालयात जायचीही गरज उरली नाही. मुलाच्या नैतिक किंवा शारीरिक हिताचं आहे असं मंडळाला वाटलं की झालं. नोंदवहीत कारणाचा रकाना असायचा. पीटर रीड या इतिहासकाराने पुढे ती कागदपत्रं चाळली, तर काही ठिकाणी कारण म्हणून इतकंच लिहिलेलं सापडलं: ॲबोरिजिनल असल्यामुळे. ‘स्टोलन जनरेशन्स’, चोरलेल्या पिढ्या, हे नाव रूढ झालं ते त्याच्याच १९८१च्या पुस्तिकेमुळे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात अधिकाऱ्याचा हुद्दा ‘चीफ प्रोटेक्टर’. १९०५च्या कायद्याने हा गृहस्थ प्रत्येक ॲबोरिजिनल मुलाचा सोळाव्या वर्षापर्यंत कायदेशीर पालक होऊन बसला. आई जिवंत, बाप जिवंत, तरी पालक हा. १९१५ ते १९४० त्या खुर्चीत ए. ओ. नेव्हिल नावाचा अधिकारी होता. मिश्र रक्ताची, उजळ रंगाची मुलं वेचून काढायची, त्यांना गोऱ्यांच्या घरात कामाला लावायचं, पुढे त्यांची लग्नं गोऱ्यांत व्हावीत आणि दोन-तीन पिढ्यांत रंगच पुसला जावा, असा त्याचा हिशेब. १९३७मध्ये कॅनबेराला बहुतेक राज्यांचे अधिकारी जमले आणि मिश्र रक्ताच्या लोकांना गोऱ्या समाजात मुरवून टाकायचं, असं त्यांनी ठरावातच म्हटलं. हिशेबाच्या या टोकाला पाहिलं की ‘संरक्षण’ कुणाचं आणि कुणापासून, ते कळतं.

तुमच्या वाचनात ब्रूस ट्रेव्हॉरो आला आहे का? आला नसेल तर त्याची गोष्ट सांगते, कारण ती मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मेनिंगी गाव, १९५७चा नाताळ. तेरा महिन्यांचं पोर, हगवण लागलेली, घरात गाडी नाही. शेजाऱ्यांनी त्याला ॲडलेडच्या मुलांच्या इस्पितळात पोचवलं. ते बरं झालं आणि दोन आठवड्यांच्या आत एका गोऱ्या कुटुंबाला सांभाळायला देऊनही टाकलं. आईबापांना विचारलं नाही, कळवलं नाही. काही महिन्यांनी आईने तिथल्या संरक्षण मंडळाला पत्र लिहिलं, की माझं बाळ कसं आहे आणि घरी कधी येईल? उत्तर आलं, की प्रगती चांगली आहे, पण डॉक्टरांना त्याला अजून उपचारासाठी ठेवून घ्यायचं आहे.

तेव्हा ब्रूस इस्पितळात नव्हताच. दुसऱ्याच्या घरात रांगत होता.

घरी आला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मधल्या काळात बाप वारला होता. तो पुन्हा कुठेच नीट रुजला नाही. २००७मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. अशा प्रकारचा दावा जिंकणारा तो पहिला माणूस. निकालातून हेही पुढे आलं, की पालकांच्या संमतीशिवाय मूल नेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा कायदेशीर सल्ला त्या मंडळाला आधीच मिळालेला होता. म्हणजे त्यांच्याच कायद्याने ते बेकायदा होतं. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली तेव्हा ब्रूस तिथे होता. त्याच वर्षी जूनमध्ये गेला. वय एक्कावन्न.

या गोष्टीत मला छळतं ते आईचं पत्र. पोर रडत होतं की नाही हे आपल्याला साक्षींतून कळतं, कारण पोर मोठं होऊन बोलतं. आई तिकडे काय करत होती हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. ते एखाद्या अधिकाऱ्याच्या फायलीत पडलेलं असतं. उतारवयात स्वतःच्या सरकारी फायली मागवणाऱ्या कितीतरी लोकांना त्यांत आपल्या आईची पत्रं सापडली, त्यांना कधीच न दिलेली. ‘आईने आपल्याला टाकलं’ असं धरून ते सगळं आयुष्य जगले होते, आणि फाइल उघडली तर आई दर वर्षी विचारत होती.

तर तुमचा तिसरा प्रश्न. मीही तेच केलं का?

नाही, बाई, तेच नाही केलंत. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, तसं आहे म्हणून सांगते. तुमच्या शाळेत मुली पोलिसांनी आणल्या नव्हत्या. आईबापांनी हाताला धरून आणल्या, दोन वेळचं जेवण मिळेल म्हणून, पाटी मिळेल म्हणून. दिवाळीला आणि मे महिन्यात त्या घरी गेल्या. कुणी त्यांच्या आयांचं पालकपण कायद्याने काढून घेतलं नव्हतं, आणि वारली माणूस पृथ्वीवर उरूच नये असा बेत कुणी आखला नव्हता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मोली नावाच्या मुलीला तिच्या जिगलाँगहून नेलं ते हजार-दीड हजार किलोमीटर दूर. सुकरीची आई चालत येऊ शकली. हे फरक छोटे नाहीत, ते पुसू नका. पुसलेत तर त्या ५३५ माणसांनी जे सांगितलं त्याची किंमत आपण कमी करतो. त्यांच्या दुःखाची फूटपट्टी उचलून आपला अपराध मोजायला बसू नये. फूटपट्टी त्यांची आहे.

पण तुम्ही जे केलंत त्याला स्वतःचं नाव आहेच, ते उसनं आणायला नको. मुलीचं नाव तिला न विचारता बदललंत. तिच्या घरची भाषा म्हणजे चूक, असं तिला सहाव्या वर्षी शिकवलंत. आणि चालत आलेल्या आईला वार बघून परत पाठवलंत. उवांचं मी धरत नाही. उवांना माझ्या आईनेही माझे केस कापले होते. बाकीचं तेव्हा सगळेच करत होते, शाळा चालवायची तर नियम लागतात, पन्नास पोरींना एकटी बाई, हे सगळं मला मान्य आहे. तरी तुमच्याच भागात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उलटं करून दाखवलं होतं. शाळा उचलून पोरांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे दुसरी वाट होती, आणि ती तुम्हाला ऐकून माहीतही असणार. हे टोचेल. टोचू दे.

आता रोनाल्ड विल्सन यांच्याविषयी एक गोष्ट, जी मी वर मुद्दाम सांगितली नाही. चौकशी करणारा हा न्यायाधीश स्वतः एके काळी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचा प्रमुख पदाधिकारी होता. पर्थचं ‘सिस्टर केट्स’ हे होम त्याच चर्चकडे होतं. त्या होमचा त्यांना अभिमान वाटायचा, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. आणि मग त्याच होममध्ये वाढलेली माणसं समोर बसून बोलली तेव्हा त्यांना ते ऐकावं लागलं. तुमच्या खुर्चीत बसलेला हा माणूस आहे, बाई, फक्त खुर्ची जरा मोठी. त्यांनी ‘आमचं वेगळं होतं’ म्हटलं नाही, आणि दोष घेऊन घरात कोंडूनही घेतलं नाही. ऐकून घेतलं, लिहून घेतलं, छापलं.

‘सिस्टर केट्स’शी आणखी एक धागा जोडलेला आहे. तुम्ही आणलेल्या पुस्तकांत मोलीची गोष्ट बहुधा असेलच. १९३१मध्ये चौदा वर्षांची मोली आणि तिच्या नात्यातल्या दोन लहान बहिणी मूर रिव्हर या सरकारी वसाहतीतून पळाल्या आणि सशांना अडवायला बांधलेल्या कुंपणाच्या कडेकडेने सुमारे सोळाशे किलोमीटर चालत निघाल्या. एक वाटेत पकडली गेली, दोघी नऊ आठवड्यांनी घरी पोचल्या. एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं, कारण तिथे थांबलं की गोष्ट गोड होते. पुढे काय झालं ते कमी लोक वाचतात. १९४०मध्ये मोलीला दोन मुलींसह पुन्हा तिथेच नेलं. १९४१च्या सुरुवातीला ती पुन्हा पळाली, पुन्हा तीच वाट. या वेळी कडेवर धाकटी ॲनाबेल, दीड वर्षाची. थोरली डोरिस मागे राहिली, दोघींना उचलून नेणं शक्य नव्हतं. पुढे ॲनाबेललाही नेलं, ‘सिस्टर केट्स’मध्ये. मोली २००४मध्ये गेली, तोवर ॲनाबेल तिला पुन्हा दिसली नाही.

डोरिस मूर रिव्हरमध्ये आणि नंतर मिशनमध्ये वाढली, ‘आईने मला सोडून दिलं’ हे मनाशी धरून. आई भेटली ती वीस वर्षांनंतर. मगच तिला आईची बाजू कळली. पुढे १९९६मध्ये आईच्या त्या पहिल्या चालण्याची हकिकत पुस्तक म्हणून जगापुढे आणली ती या डोरिसनेच, डोरिस पिल्किंग्टन गरिमारा या नावाने.

आता सुकरीकडे या.

सुकरी आज चाळिशीच्या आसपास असेल. तिला आठवत असेल, की मला शाळेत टाकलं आणि आई रविवारीसुद्धा आली नाही. रविवार हा वार मजुरी करणाऱ्या बाईच्या सोयीचा कधीच नव्हता, तो आपल्या सोयीचा होता. जमलं त्या बुधवारी ती आली. भाकरी-सुकट बांधून, चालत. हे जगात कोण कोण जाणतं? आई, जर जिवंत असेल तर. आणि गरीब माणसं असल्या गोष्टी पोरांना सांगत नाहीत, अपमान झालेला असतो. शिपाई. आणि तुम्ही. ब्रूसच्या आईचं पत्र फायलीत होतं. सुकरीच्या आईचा बुधवार तुमच्याकडे आहे. तो सुकरीचा आहे, तिला नेऊन द्या.

झोप न येण्याला दुसरं औषध मला माहीत नाही. बीपीचं डॉक्टरांना विचारा.

आता कसं करायचं ते. आधी वही घ्या. नऊ वर्षांतल्या जेवढ्या मुली आठवतात त्यांची घरची नावं, पाडा, आईबापाचं नाव आणि रजिस्टरात तुम्ही काय लिहिलं, हे शेजारी शेजारी लिहा. मुलगी होऊन वाचलं तर ही यादी हळवी वाटेल. तहसील कचेरीत उभं राहून वाचलं तर ती कामाची आहे. दाखल्यावर एक नाव, घरात दुसरं, बापाच्या कागदावर तिसरंच, यामुळे जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला किती हेलपाटे पडतात हे तुम्ही नोकरीत पाहिलं असेल. आता या मुलींची मुलं कॉलेजात आहेत. ‘सुरेखा म्हणजेच सुकरी, नाव मी बदललं’ असं सांगणारी जिवंत बाई असणं ही छोटी गोष्ट नाही. चौकशी आयोगाच्या ५४ शिफारशींत नोंदी जपून ठेवण्यावर आणि त्या ज्याच्या त्याला पाहू देण्यावर उगाच भर दिलेला नाही.

मग सुकरीला भेटायचं. इथे मला तुम्हाला बजावायचं आहे. माफी मागायला जाऊ नका. म्हणजे ‘चुकले’ जरूर म्हणा, पण ‘माफ केलंस ना गं’ असं विचारून तिच्यावर ओझं टाकू नका. चहा करून देणाऱ्या बाईला, घरी आलेल्या जुन्या बाईंना ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं! तुम्ही पाय शिवू द्यायचे नाहीत, खुर्चीवर बसायचा आग्रह झाला तर तिलाही बसवायचं, आणि तो बुधवार सांगायचा. जसा झाला तसा. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द न वापरता. तिने काहीच बोलायचं नाही ठरवलं तर उठून यायचं. रडायचं असेल तर एसटीत.

केव्हिन रड यांनी माफीच्या भाषणात नाना फेजो या आजींची हकिकत सांगितली होती. १९३०च्या दशकात, चारेक वर्षांची असताना टेनंट क्रीकजवळून त्यांना नेलं. गोऱ्या अधिकाऱ्यासोबत एक ॲबोरिजिनल गुराखी होता, पोरं शोधून काढायला. पुढे ॲलिस स्प्रिंग्जला मुलांना तीन रांगांत उभं केलं, एक रांग कॅथलिक, एक मेथडिस्ट, एक अँग्लिकन. धर्म तेवढ्यात ठरला. भाऊ वेगळ्या रांगेत गेला. कित्येक दशकांनी तोच गुराखी शोधत शोधत या आजींकडे आला आणि ‘चुकलो’ म्हणाला. त्यांनी त्याला माफ केलं, आणि पंतप्रधानांच्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं, की भाषणात त्याच्यावर फार कडक बोलू नका. हे वाचून ‘बघा, माफ करतात’ असा अर्थ काढू नका. माफी आजींची होती, त्यांनी दिली, दुसरी कुणी न देईल. मला त्यातला गुराखी महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणी पत्ता काढत गेला.

नातीचं सोपं आहे. मुलांना शाळेत हा विषय शिकवतात, ती घाबरलेली नाही, तिला तुमची गोष्ट हवी आहे. सांगा तिला: आमच्या शाळेत मुली आईबापांनी आणून सोडल्या होत्या, सुट्टीत घरी जायच्या, पण मी एका मुलीचं नाव बदललं आणि तिच्या आईला भेटू दिलं नाही, ते चुकलं. दहा वर्षांच्या मुलीला ‘आजी चुकली’ हे पेलतं. ‘आमचं वेगळं होतं’ हे पेलत नाही, कारण ते तिला खरं वाटलेलं नाही, आणि तुम्हालाही. तिच्याकडून तुम्ही शब्द मात्र शिकून घ्या. ‘ॲबोरिजिनीज’ आता म्हणत नाहीत, ॲबोरिजिनल लोक किंवा फर्स्ट नेशन्स म्हणतात, आणि शक्य तिथे त्या त्या समूहाचं नाव. मोली मार्दू होती. तुम्ही जिथे चहा पिता ती मेलबर्नची जमीन वुरुंजेरी आणि बुनुरोंग लोकांची.

मुलीला म्हणावं, विषय आपला कसा नाही? तुझी मुलगी या देशाची नागरिक होऊन इथेच मोठी होणार आहे. शिवाय हा फक्त जुना विषयही नाही. ऑस्ट्रेलियात आजही घराबाहेर सरकारी देखरेखीत ठेवलेल्या दर दहा मुलांमागे चारेक फर्स्ट नेशन्सची आहेत, लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त. २०१४मध्ये न्यू साउथ वेल्सच्या गनेडा गावात नातवंडं नेली गेलेल्या आज्यांनी यावर संघटना उभी केली. आज्यांनी, बाई. आणि जावयांनी परत केलेलं पुस्तक तुमच्या कार्डावर पुन्हा घ्या, त्यांच्यासमोर, हसत.

राहिलं तिकीट. डिसेंबरचं आहे म्हणता, ते अलीकडे घ्या. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाडे रिकामे होतात. माणसं वीटभट्ट्यांवर निघून जातात ती थेट पावसाच्या तोंडाला परततात. दिवाळीच्या चार दिवसांत सुकरी घरी सापडेल, नशीब असेल तर तिची आईही. शाळेतल्या एखाद्या जुन्या शिपायाला किंवा स्वयंपाकीणबाईला आधी फोन करून पाडा नक्की करा. आणि येत असल्याचा निरोप सुकरीकडे पुढे पाठवा. कुठल्या वारी आलेलं चालेल, ते तिला ठरवू द्या.